दोन्ही प्लेटांत सारखंच

श्रद्धाच्या दोन्ही प्लेटांतल्या पेशी सारख्याच वाढल्या आहेत, हे मोहनाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मानसुद्धा वर केली नव्हती.

"हात बसला नाहीये अजून तुझा," ती म्हणाली. "परत कर."

श्रद्धाने परत केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं, तेव्हा मोहना जरा चिडूनच बोलली, "अगं, मी हा प्रयोग निदान वीस वेळा केलाय. तुलाच कसा येत नाही?" श्रद्धाला प्रयोगशाळेत येऊन तीन महिने झाले होते. ती बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या मराठी घरातली, अबोल मुलगी. ती प्लेटा धुवायला घेऊन गेली.

मोहना दिघे सयाजीगंजात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका संशोधन संस्थेत पाच वर्षं पीएच.डी. करत होती. तिचा विषय घरी सांगायचा म्हणजे आधी प्रस्तावना करावी लागे. पेशीत प्रथिनं तयार होतात तशी मोडीतही निघतात. ज्याची गरज संपली त्या प्रथिनाला दुसरं एक प्रथिन येऊन खूण चिकटवतं, आणि खूण लागलेलं प्रथिन पेशीतल्या कातरयंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात. स्तनाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढतात. ते संप्रेरक येऊन बसतं एका प्रथिनावर, त्याला रिसेप्टर म्हणतात. या रिसेप्टरलाही खुणा लागतात, तोही मोडीत निघतो. मोहनाने त्याला खूण लावणारं एक प्रथिन शोधलं होतं. ते बंद पाडलं की रिसेप्टर मोडीत निघत नाही, साचत जातो, आणि कर्करोगाच्या पेशी पाच दिवसांत जवळजवळ दुप्पट होतात, असं तिने दाखवलं होतं. एका प्लेटमध्ये नेहमीच्या पेशी, दुसरीत खूण बंद पाडलेल्या. दोन्हींतला फरक हाच तिच्या पाच वर्षांच्या कामाचा पाया होता. त्यावरचा लेख एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला होता आणि तिचा प्रबंधही टाइप होत आला होता.

श्रद्धाचा तिसरा प्रयोग फसल्यावर मोहनाने मनाशी ठरवलं, आता आपणच करून दाखवावा. म्हणजे पोरीला कळेल कुठे चुकतंय ते. रविवारी तिने स्वतः पेशी लावल्या. शुक्रवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसली. पहिली प्लेट मोजली, आकडा लिहिला. दुसरी मोजली. मग पेन खाली ठेवून दुसरी पुन्हा मोजली.

दोन्ही प्लेटांत सारखंच.

तिने प्लेटा उष्मपेटीत परत ठेवल्या आणि उगाचच पुन्हा बाहेर काढल्या, जणू तेवढ्यात त्यांचं मन बदललं असतं.

दुपारी बारा वाजता लेखाची मुद्रितं आली. तीन दिवसांत तपासून परत पाठवा, असं पत्र होतं. पडद्यावर तिचं नाव छापील अक्षरात पहिलं होतं, आणि त्याच्या खाली तो आलेख: एक बुटका खांब, एक उंच खांब. स्वल्पविराम तपासायचे आणि एक बटण दाबायचं, एवढंच उरलं होतं. प्रयोग कधीकधी बिघडतात, हे तिला ठाऊक होतं. आधीचे वीस खोटे आणि आताचे चार खरे, असं तरी कशावरून? ती स्वतःला समजावत राहिली. डबा तसाच राहिला.

तीनच्या सुमाराला श्रद्धा तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"ताई, एक सांगायचं होतं. मी घरी बोलले. मला वाटतं, हे काम मला जमण्यातलं नाही. महिना संपला की मी सोडते."

"का?"

"तुझा किती वेळ गेला माझ्यामुळे. साधा प्रयोग येत नाही मला." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "मी प्रत्येक वेळी तू लिहून दिलंयस तस्संच केलं, ताई. अगदी तस्संच."

मोहनाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आत्ता गप्प राहिलं तर काय होईल, हे तिला लख्ख दिसलं. ही मुलगी घरी जाईल, लेख छापून येईल, आणि जन्मभर हिला वाटत राहील की हिच्या हातालाच काम येत नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "कुठे जायचं नाही. माझ्याही तशाच आल्यात."

"काय?"

"सकाळी मोजल्या. दोन्ही प्लेटांत सारखंच. तुझा हात चांगला आहे, श्रद्धा. चूक माझ्यात कुठेतरी आहे. आणि तीन आठवडे मी तुला उगाच बोलत होते, त्याबद्दल मला माफ कर."

श्रद्धा खुर्चीच्या कडेवर बसली आणि आता मात्र मोकळेपणी रडली. तिचं रडणं पाहून मोहनाला का कोण जाणे, सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती नयना मॅडमच्या खोलीत गेली. नयना मॅडम तिच्या मार्गदर्शक. गुजराती, साठीला आलेल्या, कडक बोलण्याबद्दल सगळ्या इमारतीत प्रसिद्ध. मोहना त्यांच्याशी गुजरातीतच बोलायची. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती, पण दार उघडल्यावर त्यातलं एकही आठवेना.

"मॅडम, आपला लेख चुकीचा असू शकतो," ती एकदम म्हणून गेली.

मॅडमनी चष्मा काढला. "बेस," त्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या. "केटली वार कर्युं?"

तीनदा श्रद्धाने, एकदा मी, असं मोहनाने सांगितलं आणि सगळे आकडे टेबलावर मांडले. मॅडमनी कागद एकेक करून पाहिले. मोहना त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होती, पण मॅडम नुसत्या विचारात पडल्या होत्या.

"मुद्रितं परत पाठवलीस?"

"नाही."

"छान केलंस." त्यांनी लगेच संगणक पुढे ओढला आणि संपादकांना चार ओळींचं पत्र लिहिलं: एका निष्कर्षाबद्दल आम्हाला शंका आली आहे, महिनाभर छपाई थांबवावी. पत्र पाठवून त्या मोहनाकडे वळल्या. "घाबरलीस?"

"खूप."

"मीही घाबरले. छापून आल्यावर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर याहून जास्त घाबरले असते. आता असं कर. घरी जा, जेव, झोप. सोमवारी शोधायला लागू. एकदा आलेलं उत्तर दुसऱ्यांदा येत नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललंय. ते सापडेलच."

मोहना जिना उतरली तेव्हा तिचे पाय हलके झाले होते. लेख गेला असेल, कदाचित प्रबंधही सहा महिने लांबला असेल, पण कालपासून छातीवर बसलेली धोंड मॅडमच्या खोलीतच राहिली होती. खाली श्रद्धा वाट बघत उभी होती.

"काय म्हणाल्या?"

"घरी जाऊन जेवायला सांगितलंय. पण मला घरापर्यंत दम निघायचा नाही. चल, सेव उसळ खाऊ."

कोपऱ्यावरच्या गाड्यावर दोघींनी दोन दोन प्लेटा तिखटजाळ सेव उसळ खाल्ली. नाक पुसत श्रद्धा म्हणाली, "ताई, तू कालपासून जेवली नाहीस वाटतं." मोहनाने मान हलवली आणि तिसरा पाव मागितला.

समा भागातल्या घरी मात्र वेगळीच पंचाईत होती. तिचे वडील गोविंदराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. लेख स्वीकारल्याचं कळताच त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते, नागपूरला काकांनाही धाडले होते, आणि नातलगांत एकही फोन करायचा ठेवला नव्हता. मोहनाने जेवताना सगळं सांगितलं. आई, प्रेमलाताई, वाढता वाढता थांबल्या.

"म्हणजे खोटं निघालं?" गोविंदरावांनी विचारलं.

"अजून माहीत नाही, बाबा. थांबवलंय."

ते थोडा वेळ भात कालवत राहिले. "मग मी नागपूरच्या काकांना काय सांगू? परत फोन करून, पेढे थांबवा म्हणू?"

"पेढे खाऊन झाले त्यांचे," आई म्हणाली.

आधी गोविंदरावच हसले, मग तिघेही. "हे बघ," ते म्हणाले, "प्लँटमध्ये आकडा बसत नसला की आम्ही आधी बंद करायचो, मग शोधायचो. चालू ठेवून शोधत बसलेला माणूस मी नाही पाहिला. तू बंद केलंस ना? मग झालं तर. आमटी घे."

सोमवारपासून शोध सुरू झाला. मोहना आणि श्रद्धाने पाच वर्षांच्या वह्या लांब टेबलावर मांडल्या. पेशी त्याच होत्या, तपासून खात्री करून घेतली. औषधं तीच, तापमान तेच. चौथ्या दिवशी श्रद्धाचं बोट एका रकान्यावर थांबलं.

"ताई, एक विचारू? जुन्या वहीत नेहमीच्या पेशींचा आकडा बघ. आणि आपला आत्ताचा बघ."

मोहनाने पाहिलं. पहिल्या प्लेटमधल्या नेहमीच्या पेशी पूर्वी पाच दिवसांत जेवढ्या वाढायच्या, त्याच्या दुप्पट आता वाढत होत्या. दुसऱ्या प्लेटचा आकडा पूर्वीचा तोच होता. फरक नाहीसा झाला होता तो दुसरी प्लेट मागे पडली म्हणून नव्हे. पहिलीच पुढे येऊन तिच्या बरोबरीला बसली होती.

"यांना आता काहीतरी जास्तीचं मिळतंय," मोहना पुटपुटली. "किंवा पूर्वी काहीतरी मिळत नव्हतं."

पेशींना जगायला लागतं ते सीरम, म्हणजे वासराच्या रक्तातला पिवळसर द्रव. नोंदवही काढली. सीरमची कंपनी तीच, प्रकार तोच. पुन्हा भिंत आडवी आली.

भिंतीतून वाट सापडली ती धुण्याच्या खोलीत. सुभाषभाऊ प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने परिचर. त्यांचे वडील धुळ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हापासून ते इथलेच. काचसामान धुणं, निर्जंतुक करणं त्यांच्याकडे असायचं. शुक्रवारी दुपारी मोहना त्यांच्याकडे गेली ती धुण्याचा साबण बदलला का, हे विचारायला.

"साबण तोच आहे, मोहनाबेन. साहेब लोकांनी विचारलं तरी तोच आहे." ते चंबू उपडे घालत होते. "आता काय, आरामाचं काम झालंय. सलीलभाई होते तेव्हा विचारायला हवं होतं. घासून घासून हात दुखायचे."

"का हो?"

"त्यांचे ते काळे चंबू! कोळशाची पूड घालायचे ना ते. कशात घालायचे देव जाणे, पण चंबूच्या तळाला राख बसल्यासारखं बसायचं. दोन दोन वेळा घासावं लागायचं."

मोहनाने उपड्या घातलेल्या चंबूंपैकी एक उचलून पाहिला.

"सुभाषभाऊ, कोळसा ते सीरममध्ये घालायचे का? पिवळं पाणी असतं त्यात?"

"पिवळंच असायचं. घालायचे, रात्रभर फिरवत ठेवायचे, मग गाळून बाटल्यांत भरायचे. बाटल्यांवर 'एस' लिहायचे."

'एस' लिहिलेल्या बाटल्या! त्या मोहनाला चांगल्याच ठाऊक होत्या. सलील तिच्या चार वर्षं पुढचा. तिच्या सुरुवातीच्या दिवसांत त्यानेच सांगितलं होतं, सीरम लागलं तर माझ्या बाटल्यांतलं घेत जा, ढीगभर आहे. तो गेला तेव्हाही शीतपेटीचा एक कप्पा त्या बाटल्यांनी भरलेला होता. ती तेच वापरत राहिली. शेवटची बाटली सात-आठ महिन्यांपूर्वी संपली, आणि मग तिने नवीन उघडलं. 'एस' म्हणजे सलील, यापलीकडे तिने कधी विचारच केला नव्हता.

सलील आता पुण्यात एका औषध कंपनीत होता. पहिल्या घंटीलाच त्याने फोन उचलला.

"एस म्हणजे सलील?" तो ओरडलाच. "अगं बाई, एस म्हणजे स्ट्रिप्ड! कोळशाने आतली संप्रेरकं शोषून घेतलेलं सीरम. मी संप्रेरकांवरच काम करत होतो ना. तुला सांगितलं नव्हतं मी?"

"नव्हतं सांगितलंस."

"अरे देवा. मग तुझं सगळं काम..."

"सगळं काम त्याच सीरममध्ये झालंय. आणि लेखात मी साधं सीरम लिहिलंय."

बोलता बोलता मोहना हसायला लागली. सलीलला कळेना ही रडते आहे की हसते आहे. तिला मात्र एकदम सगळं दिसत होतं. साध्या सीरममध्ये इस्ट्रोजेन असतंच. ते भरपूर असलं की पेशी आपल्या पूर्ण वेगाने वाढतात, मग रिसेप्टर मोडीत निघो की साचो, फरक पडत नाही. पण इस्ट्रोजेन काढून घेतलं की पेशी मंदावतात. आणि तेव्हा ज्या पेशींत रिसेप्टरचा साठा पडून असतो, त्या उरल्यासुरल्या थेंबावरही वाढत राहतात. तिचा उंच खांब खरा होता. फक्त तो कुठे उभा राहतो, हे तिला माहीत नव्हतं.

"तसं असेल," नयना मॅडम ऐकून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती, पण स्वर तोच. "असेल. करून बघ. आणि मोजायचं तू नाहीस."

सलीलने कोळशाची कृती लिहून पाठवली. सुभाषभाऊंनी कुरकुरत दोन चंबू काढून दिले. चार प्लेटा लागल्या: दोन साध्या सीरमच्या, दोन कोळशाने गाळलेल्या. मॅडमनी प्लेटांवर नुसते क्रमांक घातले आणि कोणती कुठली याची यादी स्वतःच्या कपाटात ठेवली. मोजणार होती श्रद्धा.

ते पाच दिवस मोहनाने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पण पूर्वीची ती भीती आता नव्हती. उत्तर काहीही आलं तरी लपवायचं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी श्रद्धा मोजायला बसली. मोहना दाराबाहेर येरझारा घालत होती. आत मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. तासाभराने श्रद्धाने चार आकडे लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. मॅडमनी यादी काढून शेजारी धरली.

"अंदर आव," त्यांनी हाक मारली.

पहिली आणि तिसरी, साध्या सीरमच्या: सारख्याच. दुसरी आणि चौथी, गाळलेल्या सीरमच्या: नेहमीच्या पेशी कमी, खूण बंद पाडलेल्या जवळजवळ दुप्पट.

मोहनाच्या जिवात जीव आला. तिने श्रद्धाला घट्ट मिठी मारली. हातमोजे, पांढरा कोट, सगळ्यासकट. "आलं, ताई, आलं," श्रद्धा म्हणत होती. "माझ्या हातून आलं."

"पूर्वीचंही तुझ्या हातून बरोबरच आलं होतं," मोहना म्हणाली. "मीच ऐकत नव्हते."

मॅडमनी दोघींना थोडा वेळ दिला. मग घसा साफ केला. "आता हे आणखी दोनदा करायचं. लेख नव्याने लिहायचा. पूर्वी आपण म्हणत होतो, ही खूण बंद झाली की पेशी वाढतात. आता म्हणायचं, इस्ट्रोजेन कमी असेल तेव्हा वाढतात. आधीपेक्षा लहान दावा आहे, पण जास्त कामाचा. कितीतरी बायकांना इस्ट्रोजेन कमी करायचीच औषधं देतात, आणि काहींच्या गाठी तरीही वाढतात. त्यातल्या काहींत हेच होत असेल का, हे विचारता येईल." मग बोट वर करून त्या म्हणाल्या, "विचारता येईल, बस. प्लेटमधल्या पेशी म्हणजे बाई नव्हे. हे विसरायचं नाही."

लेख पाच महिन्यांनी त्याच नियतकालिकात आला, श्रद्धाच्या आणि सलीलच्या नावांसकट. शेवटी आभारांत सुभाषभाऊंचं पूर्ण नाव होतं. प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीवर नुसतं एक अक्षर लिहायला मॅडमनी बंदी घातली. नागपूरच्या काकांनी दुसऱ्यांदा पेढे मागितले.

पण हे सगळं पुढचं. त्या गुरुवारी मॅडमनी मोहनाला जेवणानंतर घरी हाकललं. सयाजीगंजात तिने रिक्षा धरली, समा सांगितलं, आणि आईला कळवायला फोन काढला. "आई, बरोबर निघालं," एवढंच म्हणाली. पलीकडे आईने "अहो, ऐकलंत का?" अशी हाक मारली, मग बाबांचा आवाज, मग दोघांचे एकदम. ते नीट ऐकू येण्याआधीच तिचं डोकं रिक्षाच्या कडेला टेकलं. महिनाभराची झोप एकदम आली असावी. रस्त्यातले खड्डे, हॉर्न, फोनमधून "मोहना, अगं मोहना" म्हणणारे बाबा, काही काही तिला कळलं नाही.

"बेन, ओ बेन," रिक्षावाला कधीपासून हाक मारत होता. "समा आवी गयुं. क्यां उतारुं?"

तिने डोळे उघडले. सोसायटीचं फाटक शंभर पावलं मागे राहिलं होतं, आणि तिथून गोविंदराव चपला फटफटवत, हात हलवत तिच्याच दिशेने येत होते.

"अहींज, भाई," ती हसून म्हणाली आणि उतरली.